नववी खुंटी

माझ्या नातीला दोन आजोबा आहेत, ही गोष्ट मला तिच्या जन्मापासून खुपते आहे. कोणत्याही मुलाला दोन आजोबा असणं हा निसर्गक्रम आहे, हे मला कळतं. मी इंजिनिअर आहे. पण निसर्गानं त्यातला दुसरा जरा बेताचा द्यायला काय हरकत होती?

आमचे व्याही बेळगावकडचे. चाळीस वर्षं त्यांनी तिकडं शेतीपंप विकले. चार वर्षांपूर्वी मुलाच्या, म्हणजे आमच्या जावयाच्या, आग्रहाखातर दुकान बंद करून ते बंगळुरात आले आणि हेब्बाळला तळं दिसेल अशा अकराव्या मजल्यावर स्थायिक झाले. ते कुणाच्याही घरात शिरतात तेव्हा आधी त्यांचा आवाज शिरतो, मग अत्तर, मग ते स्वतः. हातात काहीतरी भेटवस्तू असते आणि ती नेहमी जरुरीपेक्षा एक माप मोठी असते.

मला ते 'साहेब' म्हणतात. मी कुणाचाही साहेब नव्हतो. लष्करासाठी इलेक्ट्रॉनिक उपकरणं बनवणाऱ्या एका सरकारी कारखान्यात मी चौतीस वर्षं तपासणी विभागात काढली. दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंत खोट काढायची, तीन प्रतींत लिहायची आणि खाली सही करायची. निवृत्त झाल्यापासून मी हेच काम घरी बिनपगारी करतो, असं माझ्या बायकोचं मत आहे.

व्याही इथं येईपर्यंत नात माझी होती. ती लहान असताना मुलगी-जावई दर शनिवारी बेळ्ळंदूरहून जे. पी. नगरला आमच्याकडे यायचे, तेव्हा तिच्या हातात बुटांचा एक खोका असायचा. त्यात आठवडाभरात मोडलेलं सगळं: चावीचं माकड, एका चाकाची गाडी, अर्धं वाक्य बोलून थांबणारी बाहुली. मी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरायचो. ती खुर्चीवर गुडघे टेकून बसायची आणि मी काढून दिलेले स्क्रू तळहातावर सांभाळायची. तिचे आईबाप दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. त्यांच्या घरी बल्ब बदलायचा तर अ‍ॅपवरून माणूस बोलावतात. त्यामुळे मला स्पर्धा अशी नव्हती.

मग अज्जा आले. ती त्यांना कानडी पद्धतीनं अज्जा म्हणते, आणि पहिल्या महिन्यातच ती त्यांना 'तू' म्हणू लागली. मला ती आजही 'तुम्ही' म्हणते. बायको म्हणते, "अहो, तो मान आहे." मान! मान मला कारखान्यानंही दिला होता, निरोपाच्या दिवशी, शालीसकट.

मत्सराबद्दल मी पुष्कळ वाचलं आहे. जगातल्या निम्म्या जाड कादंबऱ्या त्याच्यावरच उभ्या आहेत. पण त्यांतले मत्सरी पुरुष देखणे असतात, घोड्यावरून येतात, आणि काही नाही तर त्यांच्या जळण्याला एखादी सुंदर स्त्री तरी कारण असते. बहात्तराव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा बांधून, एका पंपवाल्यावर जळणाऱ्या तपासनिसाबद्दल कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. म्हणून मीच लिहितो आहे.

नात आता आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. इमारती आधी कॉम्प्युटरवर उभ्या करायच्या, त्यांच्यावर ऊन पाडायचं, कडेला झाडं लावायची, असं ते शिक्षण. तिचा लॅपटॉप ऊन पाडता पाडता स्वतःच तापून बंद पडायचा. परीक्षकांपुढं काम मांडायला तीन आठवडे उरले होते. तिनं ठरवलं की सुटे भाग मागवून स्वतःच एक दणकट कॉम्प्युटर जोडायचा. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिनं लिहिलं, "शनिवारी पीसी जोडतेय. कोण मदत करणार?"

मी उत्तर लिहायला घेतलं. मला पूर्ण वाक्यं लिहायची सवय आहे, विरामचिन्हांसकट. तिसऱ्या वाक्यावर होतो तोवर हेब्बाळहून उत्तर आलं: एक अंगठा, एक रॉकेट आणि दोन पिळदार दंड. तिनं त्यावर लगेच लाल बदाम पाठवला. माझा मजकूर नंतर पोचला. त्याला अंगठा मिळाला.

पण जागा मी जिंकली. "आजोबांकडेच करू, त्यांचं टेबल मोठंय," असं तिनंच लिहिलं. ते मी बायकोला दोनदा वाचून दाखवलं.

"टेबलाचं कौतुक आहे ते," ती म्हणाली.

भाग आधीच आमच्या पत्त्यावर येऊन पडले. चार दिवस मी माहितीपत्रकं वाचली, पेन्सिलनं खुणा करत. मग एक तक्ता आखला: अनुक्रमांक, काम, कुणी केलं, कुणी तपासलं, सही. एकंदर सदतीस ओळी झाल्या. शनिवारी सकाळी नात आली, तिनं तो तक्ता बघितला आणि म्हणाली, "वॉव, आजोबा." त्या 'वॉव'चं नेमकं वजन किती, हे मी ठरवत होतो तेवढ्यात दारात आवाज शिरला.

व्याह्यांच्या एका हातात पिशवी होती. तिच्यातून नारळ, झेंडूची माळ, लिंबू आणि हळदीकुंकवाची पंचपाळी निघाली. दुसऱ्या हातात दागिन्यांच्या पेटीसारखी एक पेटी होती. तिच्यात मखमलीवर विजेवर चालणारा स्क्रूड्रायव्हर निजला होता.

"हे कशाला?" मी नारळाकडं बघून विचारलं.

"नवं यंत्र हाय की, साहेब. पूजा केल्याबगर बटण दाबायचं? आम्ही अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंपसुद्धा कुंकू लावल्याशिवाय दुकानाबाहेर सोडला नाही."

"आयुधपूजेला अजून अवकाश आहे."

"ते आपल्याला ठाऊक. यंत्राला काय ठाऊक?"

नात हसली. बायकोही हसली. या शहरात आयुधपूजेच्या दिवशी एटीएमच्या गळ्यातसुद्धा झेंडू असतो, हे मला मान्य आहे. पण एटीएम आधी चालू असतं.

काम सुरू झालं. खिडकीपाशी उजेड चांगला, तिथं नात मदरबोर्डावर प्रोसेसर बसवत होती. मदरबोर्ड म्हणजे ज्याच्यावर बाकीचं सगळं बसतं तो मुख्य पाट. व्याही तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले होते. ते मदत करत नव्हते, सोबत करत होते. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मी कॅबिनेट घेऊन होतो. मदरबोर्ड कॅबिनेटच्या पत्र्याला टेकून चालत नाही. म्हणून पत्र्यातल्या भोकांत आधी बोटाच्या पेराएवढ्या पितळी खुंट्या पिळून बसवतात, त्यांच्या डोक्यांवर बोर्ड ठेवतात आणि वरून स्क्रू मारतात. पत्र्यात आट्यांची नऊ भोकं होती. मी नऊच्या नऊ खुंट्या बसवल्या.

इथं आमच्या विभागाची रीत सांगायला हवी. उपकरणात एक जरी भोक रिकामं दिसलं, तरी ते अख्खं उपकरण परत जायचं. ते भोक कशासाठी आहे हे विचारायची पद्धत नव्हती; भोक आहे म्हणजे त्यात काहीतरी असायला हवं. चौतीस वर्षांत मी या एका कारणापायी किती माणसांचे चेहरे पाडले असतील! रिकामं भोक दिसलं की माझी बोटं आजही शिवशिवतात. मी तक्त्याच्या सहाव्या ओळीत लिहिलं, 'खुंट्या ९/९. घट्ट.' आणि सही केली.

मग बोर्ड आत ठेवला गेला आणि नात विजेच्या स्क्रूड्रायव्हरनं स्क्रू मारू लागली. माझा पिवळ्या मुठीचा जुना स्क्रूड्रायव्हर मी न बोलता तिच्या हाताजवळ सरकवून ठेवला होता. तो तिथंच राहिला. व्याह्यांनी त्याच वेळी गोष्ट काढली. खानापूरकडचा एक शेतकरी पंप परत घेऊन आला होता.

"म्हणतो कसा, ह्यो पंप मला नको. ह्यो शेजाऱ्याच्या रानात पाणी टाकतोय."

"मग रे?" नात.

"मग काय? गेलो, पाइपचं तोंड फिरवलं. पठ्ठ्यानं आणखी दोन पंप घेतले. म्हणाला, तुम्ही आला नि पंपाला अक्कल आली."

नात इतकी हसली की तिनं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मी न हसण्याच्या कामात गुंतलो होतो. गोष्ट मला आवडली होती, हे त्यातलं सगळ्यात वाईट. तिनं डोळे पुसले, उरलेले स्क्रू मारले आणि म्हणाली, "आठ स्क्रू. डन." मी अकराव्या ओळीत 'स्क्रू ८/८' लिहून सही केली. सहाव्या ओळीत नऊ, अकराव्या ओळीत आठ, आणि दोन्हींपुढं माझीच सही. असा कागद कुणी कारखान्यात माझ्यापुढं ठेवला असता तर मी त्याला दारातूनच परत पाठवला असता. पण मी तेव्हा कागदाकडं बघत नव्हतो. मी तिच्या हाताकडं बघत होतो. हसता हसता तो त्यांच्या खांद्यावर गेला होता, आणि तिथंच विसरला होता.

साडेबाराच्या सुमाराला सगळं जोडून झालं. व्याह्यांनी कॅबिनेटला हळदीकुंकू लावलं, माळ घातली, पुढ्यात लिंबू ठेवलं. घरच्या देवांना पाच मिनिटांत उरकणारी माझी बायको निरांजन घेऊन आली. पायरीवर नारळ फुटला. "हं पोरी, दाब," व्याही म्हणाले, आणि नातीनं बटण दाबलं.

काही झालं नाही. दिवा नाही, पंखा नाही. तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा काही नाही.

माझ्या मनात पहिली भावना आली ती आनंदाची. लपवण्यात अर्थ नाही. झेंडूची माळ घातलेली ती काळी पेटी ढिम्म बसली होती, व्याह्यांचे टाळीसाठी उचललेले हात हवेत राहिले होते, आणि मला वाटलं, आता माझं राज्य.

आणि थोडा वेळ ते होतंही. मी भिंतीतला प्लग बघितला, दुसऱ्या सॉकेटमध्ये टेबललँप लावून दाखवला. पॉवर सप्लायचं मागचं बटण तपासलं. पुढच्या बटणापासून बोर्डापर्यंत येणाऱ्या दोन बारीक तारा योग्य पिनांवर आहेत की नाही ते भिंगातून बघितलं. नात माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. किती वर्षांनी! तिचा श्वास माझ्या कानाला लागत होता. मग मी पॉवर सप्लाय बोर्डापासून सोडवला, एक कागदाची क्लिप वाकवून त्याच्या जाड कनेक्टरच्या ठरावीक दोन छिद्रांत घातली, आणि त्याचा पंखा फिरला.

"म्हणजे सप्लाय चांगला आहे," मी म्हणालो.

"आजोबा, तुम्ही भारी आहात," ती म्हणाली.

मी कनेक्टर परत बोर्डाला लावला. "आता दाब." तिनं दाबलं. सगळे गप्प होते, म्हणून या वेळी मला ऐकू आलं. आत कुठंतरी टिक झालं. अगदी बारीक, नखानं काच वाजवावी तसं.

तो आवाज मी चौतीस वर्षं ऐकलेला आहे. सप्लायनं वीज पुढं ढकलून बघितली, पुढं कुठंतरी तिला जाऊ नये तिथून वाट मिळत होती, आणि जळायला नको म्हणून सप्लायनं स्वतःला मिटून घेतलं. शॉर्ट. आणि शॉर्ट कुठं आहे हेही मला त्याच क्षणी कळलं, कारण सहावी ओळ आणि अकरावी ओळ एकदम डोळ्यांपुढं आली. बोर्डाला भोकं आठ. पत्र्यात नऊ, कारण पत्रा निरनिराळ्या मापांच्या बोर्डांसाठी केलेला असतो. नवव्या खुंटीच्या डोक्यावर भोक नव्हतं, बोर्डाची उघडी पाठ होती. म्हणजे जो पत्रा बोर्डाला लागू नये म्हणून हा सगळा खटाटोप, तो मी स्वतः, घट्ट पिळून, बोर्डाला नेऊन भिडवला होता.

नात माझ्याकडं वळली. "आजोबा, काय वाटतं तुम्हाला? काय झालंय?"

चार वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होतो. तिनं तो त्यांना नाही, मला विचारला होता. आणि त्याचं खरं उत्तर 'तुझ्या आजोबानं माती खाल्ली' एवढंच होतं.

"बटणात कुंकू गेलेलं दिसतंय," मी म्हणालो.

हे मी इथं पहिल्यांदाच लिहितो आहे.

"कुंकवानं?" व्याही म्हणाले. "अहो साहेब, कुंकवानं करंट अडला असता तर आमचा एक पंप फिरला नसता."

"पंप वेगळा. ही नाजूक वस्तू आहे."

 नातीनं बटणाभोवतीच्या कुंकवाच्या लाल ठशाकडं बघितलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडं. दोन आठवडे. व्याह्यांनी तिचा चेहरा बघितला आणि त्यांचा आवाज एकदम उतरला. "चुकलं असंल पोरी माझं," ते म्हणाले. त्यांनी माझ्या बायकोकडून एक जुना टूथब्रश मागून घेतला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला आणि ते बटणाच्या फटीतलं कुंकू कणाकणानं काढत बसले. अर्धा तास. एक गोष्ट नाही, एक विनोद नाही. घर इतकं शांत झालं की मला फ्रिजची घरघर ऐकू येऊ लागली. हीच शांतता मला इतके दिवस हवी होती. ती मिळाल्यावर तिचं काय करायचं ते मला सुचेना.

कुंकू निघालं. बटण दाबलं. काही झालं नाही.

जेवायला बसलो. बायकोनं मसालेभात केला होता. मी तो चिवडत मनातल्या मनात बेत आखत होतो. जेवणानंतर सगळे आडवे होतील. मग मी एकट्यानं बोर्ड उचलायचा, ती खुंटी काढायची, सगळं परत बसवायचं, आणि चहाच्या वेळेला सहज म्हणायचं, एक कनेक्टर सैल होता, मला सापडला. चूकही नाहीशी, आणि बक्षीसही माझं. अशा सफाईच्या अहवालांवर मी हयातभर लाल शेरे मारले होते.

पण व्याही आडवे झाले नाहीत. ते टेबलाशी उभे राहिले.

"पोरी, स्वल्प माझं ऐकतीस?"

"बोल ना अज्जा."

"विहिरीत मोटर चालंना झाली की आमचा मिस्त्री विहिरीत उतरून बघत बसायचा नाही. वर काढायचा. जमिनीवर ठेवून क्षणभर फिरवायचा. जमिनीवर फिरली तर दोष मोटरचा नव्हे, विहिरीचा. हे सगळं ह्या पेटीतनं बाहेर काढ. पुठ्ठ्यावर ठेव आणि तिथं चालवून बघ."

"एवढं उपसायची गरज नाही," मी घाईघाईनं म्हणालो. "मी बघतो ना निवांत. तुम्ही पडा जरा. शिवाय तक्त्यात ती पायरीच नाही."

"अहो, तक्त्यात कॉम्प्युटर बंद पडायची तरी पायरी होती का?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

नातीनं माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं, आणि स्क्रूड्रायव्हर उचलला. त्यांचाच, विजेचा.

वीस मिनिटांत बोर्ड बाहेर आला. ज्या खोक्यातून तो आला होता त्याच्या पुठ्ठ्यावर तिनं तो ठेवला, सप्लाय जोडला, बटणाऐवजी स्क्रूड्रायव्हरचं टोक दोन पिनांना टेकवलं, आणि पंखा गरकन फिरला. बोर्डाच्या कडेचे दिवे लागले. ती किंचाळली. तिनं दोघांनाही धरून हलवलं, मला डाव्या हातानं आणि त्यांना उजव्या. मग ती कॅबिनेटमध्ये डोकं घालून बघू लागली.

"विहीर," ती आतून म्हणाली. "विहिरीचाच दोष. थांबा. एक, दोन, तीन..." तिनं डोकं बाहेर काढलं. "बोर्डाला आठ भोकं आहेत. इथं नऊ खुंट्या आहेत. ही नववी पाठीमागून टेकत होती! ही कुणी लावली?"

तक्ता टेबलावरच होता, वर तोंड करून. व्याह्यांची नजर त्याच्यावर गेली. सहाव्या ओळीपाशी ती थांबलेली मी बघितली. मग त्यांनी नारळाच्या भकलांचं ताट उचललं आणि सहज ठेवावं तसं तक्त्यावर ठेवलं.

"मीच की ग ती लावली," ते म्हणाले. "तुम्ही दोघं आत पाणी प्यायला गेला होतासा. भोक मोकळं दिसलं, लावून सोडली."

"अज्जा! तू ना, अशक्य आहेस!" असं म्हणत तिनं त्यांच्या गळ्यात हात टाकले आणि त्यांच्या टकलावर ओठ टेकले.

माझी लाज तिथल्या तिथं विरली आणि खालून जुनी आग वर आली. चूक माझी. खुंटी मी पिळली, सही मी केली. आणि त्या चुकीची माफी, गळामिठीसकट, सगळी त्यांना मिळाली. त्यांनी माझी इभ्रत वाचवली होती, इतका उमदेपणा मी आयुष्यात कुणाशी केला नाही, हे मला दिसत होतं. ते दिसल्यानं आग वाढलीच. हसवण्यात ते पुढं, पंप विकण्यात पुढं, आता चांगुलपणातही पुढं. निदान ही चूक तरी माझी म्हणून राहू द्यायची होती.

"मी लावली," मी म्हणालो.

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

"मी. नऊच्या नऊ मी लावल्या. ताट उचला. सहाव्या ओळीत लिहिलंय. सही आहे." आवाज चढला होता. बक्षीस समारंभात चुकीचं नाव पुकारल्यावर माणूस उठून उभा राहतो, तसा मी उभा होतो.

बायको हात पुसत बाहेर आली. "अहो, भांडताय कशासाठी? चुकीसाठी?"

"मला माहीतय आजोबा," नात म्हणाली. ती हसू दाबत होती. "अज्जा नऊ खुंट्या घट्ट पिळेल? दोन पिळून गोष्ट सांगायला बसला असता."

"हे मात्र खरं हाय," व्याही म्हणाले.

मग ते दोघं हसले, आणि बायकोही. माझ्या टकलाला कुणी ओठ लावले नाहीत. मी वाट बघत होतो असं नाही. पण मान जरा खाली केली होती, हे कबूल करतो.

ती नववी खुंटी मी एवढी घट्ट पिळली होती की ती बोटांनी हलेना. पकडीनं काढावी लागली; व्याह्यांनी वरून टॉर्च धरला. सगळं परत जोडायला दीड तास गेला. या खेपेला बटण दाबल्यावर पडदा उजळला, पंखे फिरले, आणि कॅबिनेटच्या काचेआड जांभळे-निळे दिवे लागले. असले दिवे कशाला लागतात, हे मी विचारलं नाही.

संध्याकाळी बेसिनपाशी मी हात धूत होतो. व्याही शेजारी येऊन उभे राहिले.

"पंपाचा स्टार्टर असाच बंद पडतो, साहेब," ते हळू म्हणाले. त्यांना हळू बोलता येतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं. "टक करून. कुठं शॉर्ट असलं की. दुपारी तसंच झालं. तुम्हाला ऐकू आलं असंल."

मी साबणाचा फेस करत राहिलो.

"नाही," मी म्हणालो. "आत मिक्सर चालू होता तेव्हा."

मिक्सर चालू नव्हता. ते माझ्याइतकंच त्यांनाही माहीत होतं. त्यांनी आरशातून माझ्याकडं बघितलं.

"सरी," ते म्हणाले, म्हणजे कानडीत 'बरं', आणि टॉवेल माझ्यापुढं धरला.

कॉम्प्युटर बेळ्ळंदूरला न्यायचा होता. व्याह्यांची गाडी मोठी, त्यामुळे ते चालवणार हे ठरलेलंच होतं. पण आतलं ग्राफिक्स कार्ड जड असतं आणि बंगळुरातले खड्डे खोल. डिकीत ठेवला तर बेळ्ळंदूर येईपर्यंत पुन्हा सगळं जोडायची वेळ आली असती. कुणीतरी तो मांडीवर घेऊन बसायला हवं होतं.

"आजोबाच धरतील," नात म्हणाली. "त्यांच्यासारखं कुणी धरणार नाही."

मला ते बरं वाटलं. मी मागच्या सीटवर बसलो, मांडीवर उशी, उशीवर ती पेटी. दोन्ही हात तिच्याभोवती. नात पुढं बसली. रिंग रोडला लागेपर्यंत सात वाजले आणि मग गाड्या जागच्या जागी थांबल्या. नेहमीप्रमाणे. व्याह्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढले आणि एक गोष्ट काढली. या वेळी पंप निपाणीचा होता. नात अर्धी त्यांच्याकडं वळून ऐकत होती आणि समोरच्या गाड्यांच्या लाल दिव्यांत तिचा गाल दिसत होता. ती हसली की आधी खांदे हलायचे, मग आवाज यायचा.

मध्येच तिनं मागं वळून बघितलं. "आजोबा, ठीक आहे ना?"

"अजिबात हललेलं नाही," मी म्हणालो.

"ग्रेट." ती पुन्हा पुढं वळली. व्याह्यांनी गोष्ट सोडली होती तिथून उचलली. पेटी माझ्या हनुवटीपर्यंत येत होती, एसीचा आवाज होता, शेजारचा बसवाला हॉर्न वाजवत होता. निपाणीच्या पंपाचं पुढं काय झालं ते मला मागं कळेना.

"जरा मोठ्यानं सांगा," मी म्हणालो.